गोव्याचा पोलीस, परक्यांचा कायदा

साखळीहून डिचोलीमार्गे दोडामार्गला पोचायला फार तर पाऊण तास लागतो. हद्दीच्या दोन्ही बाजूंना बोली तीच, सोयरिकी एकमेकांत आणि जत्रांना जाणारी माणसेही तीच. पोलिसाचा कायदा मात्र हद्दीवर बदलतो. दोडामार्गचा शिपाई १९५१ च्या कायद्याखाली काम करतो. तो कायदा स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या विधिमंडळाने केला आणि आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. कर्नाटकाने आपला पोलीस कायदा १९६३ साली केला. गोव्याचा पोलीस मात्र अजून १८६१ च्या कायद्यावर चालतो. १८५७ चा उठाव मोडून काढल्यावर ब्रिटिशांनी तो घाईने केला होता, आणि त्या वर्षी साखळीवर ब्रिटिशांचे राज्यही नव्हते. इथे पोर्तुगीज होते.

गोव्याच्या पोलिसाचा इतिहास पाहताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. या भूमीने पोलिसासाठी माणसे दिली, पण पोलीस कसा असावा हे तिने स्वतः कधी ठरवले नाही. आधी ते लिस्बनने ठरवले, मग दिल्लीने कलकत्त्याच्या जुन्या दप्तरातला कायदा इथे लागू केला. पणजीतून पाहिले तर हा फरक फारसा जाणवत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरीतून पाहिले की तो ठळक दिसतो, कारण या भागात पोलीस आला तो मुळात लोकांवर नजर ठेवायला.

तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांकडे होत्या. आपला भाग नव्या काबिजादींतला. १७४६ मध्ये मार्क्विस द आलोर्ना याने पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला, डिचोली-साखळीवरही चाल केली, पण तो ताबा टिकला नाही. डिचोली, साखळी, सत्तरी कायमची त्यांच्या हाती गेली ती १७८० च्या दशकाच्या आरंभी, आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांनी सोडले. तोवर इथे पोलीस नावाचे वेगळे खाते नव्हते. गावचा बंदोबस्त गावकर पाहत, महालाचा देसाई-सरदेसाई पाहत, आणि सत्तरीत तो राणे घराण्याच्या हाती होता. चोरी झाली तर पायवाटा ओळखणारा माणूस माग काढी, आणि न्याय देवळाच्या चौकात होई. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, दुबळ्याची दाद क्वचितच लागत होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण राखणारा आणि राखला जाणारा एकमेकांना नावाने ओळखत होते, हे खरे.

पोर्तुगीजांनी वतने पुष्कळशी तशीच ठेवली, मात्र हत्यार आपल्या हाती घेतले. त्यावरूनच एकोणिसावे शतक पेटले. १८५२ च्या जानेवारीत दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि सरकारला त्यांच्याशी तडजोड करणे भाग पडले. पुढे कुष्टोबा राण्यांचे बंड झाले, आणि १८७१ मध्ये त्यांचा शेवट झाला. त्याच वर्षी वळवईला देशी शिपायांनी बंड केले, तेव्हा पोर्तुगीजांनी गोव्यातले सैन्यच मोडीत काढले. १८९५ मध्ये मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला. ते हुकूम धुडकावून सत्तरीत उतरले, दादा राणे त्यांना मिळाले आणि बंड इतके पसरले की राजाचा भाऊ दों आफोंसो याला लिस्बनहून फौज घेऊन यावे लागले. शेवटचे मोठे बंड १९१२ चे. साठ वर्षांत अशी ही मालिका झाल्यावर सरकारच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: नव्या काबिजादींतला माणूस आधी संशयित, मग रयत. इथे जी ठाणी आणि पहारे उभे राहिले ते या समजुतीवर. शहरातल्या पोलिसाने रस्त्यावरची भांडणे सोडवावीत आणि सत्तरी-डिचोलीतल्या पोलिसाने रानातल्या हालचाली टिपाव्यात, ही कामाची वाटणी तेव्हापासूनची आहे.

या काळातला एक अध्याय फारसा कोणी सांगत नाही, तो मिठाचा. १८७८ मध्ये पोर्तुगाल आणि ब्रिटन यांनी करार केला. त्यात जकात एक झाली आणि गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. १८९२ पर्यंत तो चालला. पेडण्यात आगरवाड्याची मिठागरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, शापोराच्या खाडीच्या पाण्यावर जगणारी. त्या वर्षांत ब्रिटिश खात्याच्या नजरेखाली मीठ पिकवायचे आणि बाळगायचे, अशी वेळ आगरवाल्यांवर आली. राज्य एकाचे, पहारा दुसऱ्याचा. करार संपला, तेव्हा हद्दीवर जकातीची नाकी पुन्हा उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर हद्दीचा पहारेकरीही. पेडणे-डिचोलीतल्या सामान्य माणसाचा सरकारशी रोजचा संबंध बहुधा या पहारेकऱ्याशीच आला: डोक्यावरचे गाठोडे सोडून दाखवायचे, नारळ-मीठ-कापड मोजून द्यायचे आणि मग सासरी जायचे.

गावपातळीवर रेजिदोर आणि तालुक्याला आद्मिनिस्त्रादोर हे दोन अधिकारी पोलिसी अधिकार बाळगून होते. विसाव्या शतकात एकसंध पोलीस दल आकाराला आले आणि पुढे ते पोर्तुगीज भारताचे राज्य पोलीस दल म्हणून ओळखले जाऊ लागले. लिस्बनच्या सार्वजनिक सुरक्षा पोलिसांच्या नमुन्यावर ते बेतलेले होते. त्याच्या जोडीला जकातीचा फिस्काल गार्ड आणि रानांसाठी ग्रामीण गार्ड होता. या दलांतले बहुतेक शिपाई इथलेच होते, वरचे हुकूम मात्र बाहेरचे.

सालाझारच्या राजवटीत या दलाचे काम बदलले. सभा घ्यायला परवानगी लागे, पत्रक छापायला लागे, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवरही सेन्सॉरची नजर फिरे. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, तेव्हा साष्टीचा आद्मिनिस्त्रादोर कॅप्टन फोर्तुनातो मिरांदा पिस्तूल घेऊन पुढे आला. लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. त्या दिवशी लोकांना प्रथमच दिसले की हा हात बाजूला सारता येतो. त्यानंतर धरपकड सुरू झाली. त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, रामा हेगडे यांना पोर्तुगालच्या तुरुंगांत पाठवले गेले. १९५४ च्या फेब्रुवारीत म्हापशाचे डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका मेजवानीत पोर्तुगीज हद्दीच्या गौरवाला ‘माझा निषेध’ एवढेच म्हटले आणि तेवढ्यावर त्यांना अटक झाली. १९५५ च्या एप्रिलमध्ये म्हापशात गोवा राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा अध्यक्ष सुधाताई जोशी यांना पोलिसांनी तिथूनच नेले.

डिचोली तालुक्याला लागून असलेल्या अस्नोड्याचे बाळा राया मापारी यांची कथा आपल्याला सर्वांत जवळची. आझाद गोमंतक दलाने अस्नोड्याच्या पोलीस ठाण्यावर छापा घातला, त्यात हा तरुण होता. पोलिसांनी त्यांना पकडले, साथीदारांची नावे विचारली आणि मारहाण केली. नावे मिळाली नाहीत. १९५५ च्या फेब्रुवारीत कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. गोवा मुक्तिलढ्यातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. कोठडीत माणूस मरणे हे गोव्याच्या पोलिसी इतिहासाच्या मुळाशी आहे, हे पोलिसाच्या प्रत्येक नव्या तुकडीला शिकवले गेले पाहिजे.

त्या काळात लोकांना सर्वांत जास्त धाक होता तो आजेंत मोंतेरोचा. काझिमिरो मोंतेरो याचे नाव काढले तरी आवाज खाली जाई, असे जुनी माणसे सांगतात. तो पुढे सालाझारच्या गुप्त पोलिसांत, पिडेमध्ये काम करू लागला, आणि १९६५ मध्ये स्पेनच्या हद्दीत झालेल्या जनरल उंबेर्तो देलगादो यांच्या खुनात तो सामील होता. पुढे त्याच्या गैरहजेरीत त्याला शिक्षा झाली. म्हणजे आपल्या कोठड्यांत जो हात तयार झाला, तोच पोर्तुगालच्या स्वतःच्या विरोधी नेत्यावर पडला. परक्या प्रजेवर जुलूम करायला शिकलेला पोलीस घरी परतल्यावर सभ्य होत नाही, हे यातून स्पष्ट दिसते.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या पत्रादेवीला भारतभरातले निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय तिरंगा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळी लागली तेव्हा पंजाबचे करनैल सिंग बेनिपाल पुढे धावले आणि तिथेच पडले. त्या दिवशी निरनिराळ्या नाक्यांवर वीसहून अधिक सत्याग्रही मेले. त्याच्या वर्षभर आधी, १५ ऑगस्ट १९५४ रोजी, आल्फ्रेड आफोंसो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. सांगलीहून येऊन सावई-वेरेला शिक्षकी करणारे मोहन रानडे १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले आणि गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे लिस्बनजवळच्या तुरुंगात राहिले. सुटले ते १९६९ च्या जानेवारीत.

या लढ्यात गणवेशातल्या गोमंतकीयाचे काय झाले, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो. दादराच्या ठाण्याचा प्रमुख अनिसेतो रोझारियो १९५४ च्या जुलैत ठाणे राखताना मारला गेला. तो ज्यांच्यासाठी लढला ते साम्राज्य सात वर्षांनी इथून संपले. १९५८ मध्ये पोलीस आणि फिस्काल गार्ड यांना तात्पुरता लष्करी दर्जा देऊन सैन्याच्या हुकुमाखाली आणले गेले. १९६१ मध्ये या दलांचे एकूण बळ ९०० ते १४०० च्या दरम्यान असल्याचे वेगवेगळे हिशेब आहेत. मुक्तीची पहिली चकमक १७ डिसेंबर १९६१ रोजी झाली, ती डिचोली तालुक्यातल्या म्हावळिंग्याला. दोनच दिवसांनी सर्व संपले. ठाण्याठाण्यांत जे शिपाई उरले ते आपल्याच गावांचे मुलगे होते. काहींनी लोकांना छळले होते, काहींनी छुपी मदत केली होती, बहुतेकांनी पोटासाठी नोकरी केली होती. १९६५ मध्ये संसदेने जुन्या राजवटीतल्या नोकरांना सामावून घेण्याचा कायदा केला, त्यात पुष्कळांची सोय लागली. मला तो निर्णय योग्य वाटतो. त्याच्या जोडीला कोणी काय केले याची नोंद मात्र व्हायला हवी होती, ती राहून गेली.

मुक्तीनंतर वरिष्ठ अधिकारी शेजारच्या राज्यांतून डेप्युटेशनवर आले. साठीच्या दशकात ‘डेप्युटेशनवाले’ हा गोव्याच्या राजकारणात रागाचा विषय होता, आणि त्या रागाला आधार होता. त्यातला एक अपवाद आवर्जून सांगावासा वाटतो. ज्या आझाद गोमंतक दलाने पोलीस ठाण्यांवर छापे घातले, त्या दलाचे प्रभाकर सिनारी पुढे स्वतः पोलीस सेवेत गेले आणि वरिष्ठ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कोठडीचा अनुभव आतून असलेला माणूस कोठडीच्या बाहेरच्या खुर्चीवर बसला, असे उदाहरण फार थोड्या दलांना मिळते.

१९६२ च्या नियमनाने भारतीय कायदे गोव्याला लागू झाले. भारतीय दंड संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आली, आणि त्यांच्याबरोबर १८६१ चा पोलीस कायदाही. त्या कायद्यात काय आहे ते पाहिले पाहिजे. जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली राहील, असे चौथे कलम म्हणते. एखादा भाग अशांत ठरवून तिथे जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च तिथल्याच रहिवाशांकडून वसूल करायचा, अशी सोय पंधराव्या कलमात आहे. कर्तव्यांच्या यादीत बातमी काढणे, हुकूम पाळणे, गुन्हेगार पकडणे हे ठळकपणे येते. नागरिकाने पोलिसाविरुद्ध दाद कुठे मागायची याचा विचार त्यात नाही, कारण तो विचार करण्यासाठी तो केलाच नव्हता. राण्यांच्या बंडानंतर पोर्तुगीजांनी सत्तरीत जे केले, तेच ब्रिटिशांनी १८५७ नंतर कागदावर उतरवले होते. शंभर वर्षांनी ते कागद इथे आले.

१९८७ च्या ३० मे रोजी गोवा राज्य झाले. दमण-दीव वेगळे झाले, पण भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी अरुणाचल, मिझोराम, केंद्रशासित प्रदेश आणि गोवा यांच्या एकत्रित केडरमधूनच येत राहिले. ईशान्येकडचा किंवा दिल्लीचा अधिकारी इथे येतो, दोन-तीन वर्षे राहतो आणि बदलून जातो. त्यांत चांगले अधिकारी होते आणि आहेत. पण साखळीच्या सोमवारच्या बाजारात कुठे गर्दी तुंबते, चैत्रीला विठ्ठलापुरात वाळवंटीच्या काठाने गाड्या कुठे वळवाव्यात, वाडीतले कोणते भांडण दोन पिढ्या जुने आहे, हे त्याला हवालदार सांगतो. महाराष्ट्रात या कामासाठी प्रत्येक गावी पोलीस पाटील असतो. गोव्याने मुक्तीनंतर महाराष्ट्राकडून तलाठी घेतला, मामलेदार घेतला, पण पोलीस पाटील घेतला नाही, आणि रेजिदोर गेल्यावर ती जागा रिकामीच राहिली.

लोकांशी पोलिसाचे नाते ठाण्यातल्या बाकावर ठरते. कुळागरातली सुपारी चोरीला गेली म्हणून कोणी शेतकरी येतो. तो कोकणीत सांगतो, मध्येच मराठीत. समोरचा पोलीस, जो बहुधा शेजारच्याच तालुक्यातला असतो, सर्व नीट ऐकून घेतो आणि इंग्रजीत टंकतो. शेवटी मजकूर कोकणीत वाचून दाखवतो. शेतकरी मान हलवतो आणि स्वतःला न वाचता येणाऱ्या कागदावर सही करतो. त्याच्या आजोबांनी पोर्तुगीज भाषेतल्या कागदावर अशीच सही केली होती. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही स्थान मिळाले, तरी ठाण्याच्या दप्तरात दोघींचाही शिरकाव झालेला नाही. खटला पुढे साक्षीवर उभा राहतो तेव्हा या सहीची किंमत मोजावी लागते.

गेल्या वीस वर्षांत या भागाच्या पोलिसापुढचे काम झपाट्याने वाढले. डिचोलीत खनिजाच्या भरभराटीच्या वर्षांत ट्रकांच्या रांगा पाळी, सुर्ला, वेळगेपर्यंत लागत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, नंतर बेकायदा उत्खननाच्या तपासासाठी विशेष पथक नेमले गेले. खनिजाची मोजदाद, परवान्यांच्या तारखा, निर्यातीचे हिशेब यांसाठी वेगळे शिक्षण लागते. ते नसलेल्या माणसांवर राज्यातला सर्वांत गुंतागुंतीचा तपास सोपवला गेला. पेडण्यात किनारा बदलला. मोरजी, आश्वे, हरमल येथे पर्यटनाबरोबर अमली पदार्थ आले. २०१० मध्ये अमली पदार्थांच्या व्यापाराशी संबंध असल्यावरून त्या विरोधी विभागातल्या पोलिसांनाच अटक झाली, तेव्हा प्रामाणिक शिपायांची मान खाली गेली. २०२२ च्या डिसेंबरात मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या जोडरस्त्यासाठी जमिनींची मोजणी पोलीस बंदोबस्तात झाली होती. आता मोप्याला आणि मांद्र्याला स्वतंत्र पोलीस स्थानके आहेत. ज्या पत्रादेवीला सत्याग्रही पडले, तिथे आज नाक्यावर गोव्याचाच पोलीस गाड्या तपासतो.

३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि त्या पहाटे सहा भाविकांचा मृत्यू झाला. पुढे अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, चौकशी समिती बसली. बंदोबस्त मोठा होता. पण होमकुंडाकडे जाणारी वाट कुठे उतरते, धोंड भाविकांचे जथे कोणत्या वेळी परततात, गर्दी कुठे दोन बाजूंनी एकमेकांवर येते, हे शिरगावच्या आणि आसपासच्या गावांच्या माणसाला आधीपासून ठाऊक असते. ती माहिती आराखड्यात उतरण्याचा पक्का मार्ग आपल्या पोलीस व्यवस्थेत नाही. शेकडो शिपाई आणून उभे करता येतात, वाटेचे ज्ञान तसे आणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्व राज्यांना आदेश दिले: राज्य सुरक्षा आयोग नेमा, पोलीस प्रमुखाला किमान दोन वर्षे द्या, तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण करा. गोव्याने २००७ मध्ये निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली तक्रार प्राधिकरण स्थापन केले, आणि छोट्या राज्याने उचललेले ते चांगले पाऊल होते. सरकारी हुकुमाने झालेल्या प्राधिकरणाला कायद्याने बांधलेले अधिकार मात्र मिळाले नाहीत. २००८ मध्ये गोवा पोलीस विधेयक विधानसभेत आले, चिकित्सा समितीकडे गेले आणि त्याचा कायदा झाला नाही. १ जुलै २०२४ पासून देशात नव्या न्यायसंहिता आल्या, दंड संहिता गेली, पुरावा कायदा गेला. १८६१ चा पोलीस कायदा गोव्यात तसाच राहिला.

साखळीचे आमदार डॉ. प्रमोद सावंत आज मुख्यमंत्री आहेत आणि गृह खातेही त्यांच्याकडेच आहे. २००८ चे ते विधेयक बाहेर काढून नव्याने मांडायचे झाले, तर त्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत. तक्रार प्राधिकरणाचा निर्णय सरकारवर बंधनकारक असावा. तक्रारदाराचा जबाब त्याने ज्या भाषेत दिला त्या भाषेत लिहून घ्यावा आणि हवे तर नंतर त्याचे भाषांतर व्हावे. आणि प्रत्येक पंचायतीत गावाला ठाऊक असलेला, गावाने सुचवलेला एक माणूस ठाण्याशी कायद्याने जोडलेला असावा, ज्याला जत्रेच्या बंदोबस्ताच्या बैठकीला बोलावणे सक्तीचे असेल. पुढच्या वैशाखात शिरगावची जत्रा पुन्हा भरेल.